'मी'च नसेन, तर सही कुणाची?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: वय ४९. सासर तासगाव तालुक्यात, माहेर सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी. वडील गेल्या वर्षी वारले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वारस म्हणून सात-बारावर आई, थोरला भाऊ आणि या, अशी तिघांची नावं लागली आहेत. आता भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतो आहे. या ताई बरीच वर्षं आठवड्याच्या आध्यात्मिक बैठकीला जातात. 'मी' आणि 'माझं' हेच दुःखाचं मूळ, ही तिथली शिकवण त्यांना मनापासून पटलेली आहे. एकदा ध्यानाला बसल्या असताना काही क्षण 'मी' विरून गेल्याचा अनुभव त्यांना आला, आणि त्याहून सुंदर काही आयुष्यात घडलं नाही असं त्या लिहितात. बैठकीतल्या एका ज्येष्ठांनी सांगितलं, "जमिनीचा मोह हीच तुमची परीक्षा. सही करा आणि मोकळ्या व्हा." पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, "आई, विज्ञानही तेच सांगतं, मेंदूत 'मी' नावाचं कुणी नसतं." तरी आतून वाटत राहतं की हिस्सा हवा. त्या विचारतात, "'मी' हा भ्रम असेल तर हे हवंसं वाटतंय ते कुणाला? सही केली तर ते ज्ञान म्हणायचं की हार? आणि नाही केली तर माझा तो अनुभव खोटा ठरेल का?"

ताई,

तुमच्यापुढे प्रश्न दोन आहेत आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी मिळून त्यांचा एकच करून ठेवलाय. 'मी' खरा की भास, हा एक. हक्कसोडपत्रावर सही करायची का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'भास' असं आलं की दुसऱ्याचं उत्तर आपोआप 'करायची' असं येतं, हे तुम्हीही धरून चालला आहात. मला ते पटत नाही. सहीबद्दल थेट बोलता आलं असतं, पण पहिला प्रश्न तुम्ही कळकळीने विचारलाय. त्याला वळसा घातला तर सहीचा निकाल लागल्यावरही तो तुमची झोप उडवत राहील.

मुलगा आणि बैठक एकच सांगतात, असं तुम्ही लिहिता. आधी तेच तपासू. बुद्धांनी माणसाचे पाच स्कंध सांगितले: रूप (देह), वेदना (सुखदुःखाची जाणीव), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाच्या घडणी), विज्ञान (इथे अर्थ जाणीव). प्रत्येकाबद्दल त्यांनी विचारलं, हे सतत बदलतं, आपल्या हुकमात राहत नाही, मग याला 'हा मी' म्हणणं योग्य आहे का? शंकराचार्यांनीही देह, मन, बुद्धी, अहंकार यांतल्या कशालाच 'मी' म्हणू दिलं नाही. पण ते पोचले अगदी दुसऱ्या टोकाला: हे सगळं ज्याच्या प्रकाशात दिसतं तो साक्षी, तो आत्मा, आणि तेवढाच खरा. या दोघांच्या अनुयायांनी पुढे शेकडो वर्षं एकमेकांशी वाद घातले. आणि तिसरे नैयायिक. वाईच्या लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नावाआधी लागणारी 'तर्कतीर्थ' ही पदवी ज्या शास्त्रातली, ते न्यायशास्त्र. त्याच्या मूळ सूत्रात आत्म्याच्या खुणा दिल्या आहेत, आणि त्यातली पहिली खूण आहे इच्छा. त्यांचं म्हणणं असं: पूर्वी कधी चाखलेलं फळ पुन्हा दिसलं की हवंसं वाटतं. चाखणारा, आठवणारा आणि आता ज्याला हवंसं वाटतं तो एकच असल्याखेरीज हे कसं घडेल? म्हणजे "हवंसं वाटतंय ते कुणाला?" या तुमच्या प्रश्नाने तुम्ही स्वतःला गप्प करू पाहता, तर नैयायिक त्यातच 'मी' असल्याचा पुरावा शोधत होते. बौद्धांनी त्यावर उत्तर दिलं की एका क्षणातून दुसरा क्षण उपजत जाणारा प्रवाह पुरेसा आहे, त्याला धरून ठेवणारा वेगळा कुणी लागत नाही. तुम्ही कुठल्या बाजूला झुकाल ते तुमचं तुम्ही ठरवा. पण 'सगळ्यांनी एकमुखाने भ्रम म्हटलंय' हे खरं नाही, एवढं मनाशी नक्की करा.

पाली ग्रंथांतला एक प्रसंग मला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. वच्छगोत्त नावाचा एक परिव्राजक (भटका संन्यासी) बुद्धांकडे आला आणि त्याने विचारलं, आत्मा आहे का? बुद्ध गप्प राहिले. मग आत्मा नाही का? तरीही गप्प. तो निघून गेल्यावर त्यांचा शिष्य आनंद याने कारण विचारलं. बुद्धांनी जे सांगितलं त्याचा आशय असा: 'आहे' म्हटलं असतं तर शाश्वतवाद्यांच्या (आत्मा कायमचा टिकतो म्हणणाऱ्यांच्या) पंगतीत बसलो असतो, 'नाही' म्हटलं असतं तर उच्छेदवाद्यांच्या (मेल्यावर सगळंच संपतं म्हणणाऱ्यांच्या); आणि आधीच गोंधळलेला तो बिचारा 'माझा होता तो आत्माही आता गेला' म्हणत आणखी गोंधळला असता. ताई, ज्यांच्या नावावर ही सगळी अनात्माची, म्हणजे 'आत्मा असा काही नाही' ही शिकवण आहे, त्यांनी समोरचा माणूस कुठल्या अवस्थेत आहे ते पाहून उत्तर राखून ठेवलं. तुम्हाला मात्र वडिलांचं दुःख ताजं असताना, कागद समोर असताना, ते उत्तर ठामपणे दिलं जातंय.

आता मुलाचं विज्ञान. तो चूक बोलत नाही, अर्धं बोलतो. अपस्माराचे झटके आवरेनासे झाल्यावर काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा मज्जातंतूंचा जुडगा शस्त्रक्रियेने कापला जाई. अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी काम केलं, त्यासाठी १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य मायकेल गझानिगा यांनी अशा एका रुग्णाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्याला बर्फाने भरलेलं अंगण. मग समोरच्या चित्रांतून जुळणारी चित्रं निवडायला सांगितलं. एका हाताने कोंबडी निवडली, दुसऱ्याने बर्फ उपसायचं फावडं. फावडं का, असं विचारल्यावर रुग्णाने जराही न अडखळता सांगितलं, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं! बोलणाऱ्या डाव्या मेंदूने बर्फ पाहिलाच नव्हता. त्याने कारण रचलं आणि ते त्याला मनापासून खरं वाटलं.

यातून काय सिद्ध होतं? आपल्याविषयीची आपली गोष्ट मेंदू विणत असतो, आणि कधी कधी चुकीची विणतो. तुम्हाला याचा उपयोग आहे. 'मला हिस्सा हवा म्हणजे मी लोभी' हेही असंच झटपट रचलेलं कारण असू शकतं, आणि 'मला काही नको, मी सगळ्याच्या पलीकडे गेले' हेही. दोन्हींवर लगेच विश्वास ठेवू नका. पण विणलेलं म्हणजे नसलेलं, हे त्या प्रयोगातून निघत नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७३९ साली लिहिलं की मी माझ्या आत शिरून 'मी'ला धरू जातो तेव्हा ऊन, थंडी, सुख, दुःख असं काहीतरी हाती लागतं, त्याखेरीज 'मी' कधी सापडतच नाही. हा उतारा सगळे उद्धृत करतात. पुढच्याच वर्षी जोडलेल्या परिशिष्टात त्याने कबूल केलं की या सुट्या जाणिवा एकत्र कशा बांधल्या जातात याचं आपलंच स्पष्टीकरण आपल्याला पटत नाही. ते फार कमी जण सांगतात.

माझं मत सांगते. मिरजेला तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानात कधी गेला असाल तर जवारी लावताना, म्हणजे घोडीवर तारेची गुंज नीट बसवताना, ऐकलं असेल. तंबोऱ्याच्या चार तारा: एक पंचम (प), दोन जोडाचे षड्ज (सा), एक खर्ज (खालचा सा). गंधारात (ग) एकही तार लावलेली नसते. तरी तंबोरा सुरेल लागला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार अख्खी कंप पावते, तशीच आपल्या दोन, तीन, चार, पाच भागांतही कंप पावते, आणि पाच भागांतल्या कंपनाचा स्वर गंधाराचा असतो. हा गंधार शोधायला भोपळा फोडलात तर आत काही मिळणार नाही. तार उतरली की तो जातो. पण त्याला भास म्हणणारा गवई भेटायचा नाही, कारण स्वतःचा गंधार तो त्याच्याच आधाराने लावतो. 'मी' मला असा वाटतो. आत बसलेला, कधीच न बदलणारा मालक शोधाल तर तो नाही, आणि तसा मालक आहे असं समजून जगलं की दुःख होतं, हे बैठकीत सांगतात ते बरोबरच आहे. पण देह, आठवणी, सवयी, दिलेले शब्द, माणसं या सगळ्यांतून जो उमटतो तो खोटा नाही. त्याच्याच आधाराने आपण वचन देतो, माफी मागतो, सही करतो.

म्हणूनच अनात्म शिकवणाऱ्यांनीही व्यवहारातल्या माणसाला पुसून टाकलं नाही. बौद्ध संघात दीक्षा घ्यायला आलेल्याला विचारत, तुझ्यावर कर्ज नाही ना? कर्जदाराला दीक्षा द्यायची नाही, असा विनयाचा, म्हणजे संघाच्या शिस्तीचा नियम होता. 'मी' नाहीच तर कर्ज कुणाचं, ही पळवाट तिथे चालत नव्हती. आणि तुमच्या माहेरापासून जवळच, सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे, त्या समर्थांनी आधी प्रपंच नेटका करा, मग परमार्थाच्या विवेकाकडे वळा, असं बजावलंय. वडिलांच्या मागे वारशाचं नेटकं होणं हा प्रपंचातलाच भाग आहे.

आता एक गोष्ट थोडी कडक वाटेल, पण मला ती सांगायलाच हवी. 'मी' भ्रम असेल तर तो सगळ्यांचाच भ्रम आहे. तुमची सही झाल्यावर तुमचं नाव कमी होईल आणि तिथे भावाचं राहील. बैठकीतल्या कुणी त्याला 'तुझा मीपणा सोड' असं सांगितल्याचं तुमच्या पत्रात नाही. एखादी शिकवण आपण स्वतःवर लावतो तेव्हा ती साधना असते. तीच दुसऱ्याकडून काही घेताना त्याच्यावर लावली की ती साधना राहत नाही, सांगणारा कितीही सात्त्विक असो. तुमच्यासारखी पत्रं मला इतर विषयांवरही येतात. पगारवाढ मागितली की 'अहंकार' म्हणणारे वरिष्ठ, स्वतःसाठी दुपारचा एक तास मागणाऱ्या सुनेला 'फार मी-मी करतेस' म्हणणारं घर. त्या सगळ्यांनाही मी हेच विचारायला सांगेन: हा उपदेश कुणाला केला जातोय, आणि तो पाळला गेला की कुणाचं काय वाढतंय?

भाऊ वाईट आहे, असं मात्र मी म्हणत नाही. त्याने ते रान इतकी वर्षं राखलं असेल, सोसायटीचं कर्ज त्याच्या अंगावर असेल, वडिलांच्या आजारपणात रात्री त्याने काढल्या असतील. हेही खरं आहे आणि वाटणीच्या बोलण्यात याचं मोल धरलं पाहिजे. आपल्याकडे हिस्सा मागितलेल्या बहिणीला भाऊबीजेचं दार बंद होतं, ही भीतीही खोटी नाही. तुम्ही ती पत्रात लिहिली नाहीत, पण अध्यात्माच्या प्रश्नामागे ती उभी आहे असं मला वाटतं.

तुमच्या त्या अनुभवाबद्दल. तो खरा होता, आणि सही न केल्याने तो खोटा ठरत नाही. ध्यानात 'मी' विरला तेव्हा तुम्ही कुणाचा दाब म्हणून बसला नव्हता. भीतीने आवळून घेतलेला माणूस आणि विरून गेलेला माणूस बाहेरून सारखेच शांत दिसतात, आतून नाही. सहीचा विचार करताना तुमच्या छातीत काय होतं ते बघा. तेव्हाचा मोकळेपणा आहे, की घशात आवंढा आहे? आणि दान करायचंच असेल तर ते आधी आपलं आहे हे नीट माहीत असावं लागतं. किती, कुठलं, काय किमतीचं, हे न बघता दिलेलं दान नसतं, सुटलेलं असतं.

एक सावधगिरीही सांगते. 'मी नाहीच', 'हे सगळं खरं नाही' असं ध्यानाबाहेरही, नकळत, धास्तीसकट वाटायला लागलं, स्वतःचा आवाज परका वाटू लागला, स्वयंपाक करताना आपण लांबून स्वतःला बघतोय असं होऊ लागलं, तर त्याला प्रगती समजू नका. दुःखात आणि झोप तुटल्यावर असं होऊ शकतं आणि त्यावर उपचार असतात. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला.

कायद्याचं थोडक्यात. वडील मृत्युपत्राविना गेले, म्हणजे त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आई, भाऊ आणि तुम्ही यांचा हिस्सा सारखा. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून मुलाइतकीच हक्कदार आहे, लग्न कधी झालं याने फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. हक्कसोडपत्र नोंदणीकृत होतं आणि नंतर मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. म्हणून आत्ता सही करू नका. 'करणार नाही' असंही जाहीर करू नका. सात-बारा, आठ-अ आणि फेरफाराचे उतारे काढा. कागद तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या, भावाने आणलेल्या वकिलाकडून नव्हे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जमीन तिकडची असल्याने साताऱ्याच्या कार्यालयात चौकशी करा.

मग मनाशी बसा. 'हिस्सा हवा' म्हणताना तुम्हाला नक्की काय हवंय? गुंठे? उतारवयाला हाताशी पैसा? की त्या घराच्या हिशेबात आपणही मोजले गेलो, एवढंच? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पैसा हवा असेल तर भावाने हप्त्याने मोल देण्याचा लेखी करार होऊ शकतो. मोजलं जाणं हवं असेल तर नाव तसंच ठेवून रान त्याला कसायला देता येतं. सगळं घ्यायचं किंवा सगळं सोडायचं, एवढे दोनच मार्ग तुमच्यापुढे ठेवले गेलेत, आणि ते खरं नाही. काही आठवडे रोज दोन ओळी लिहा: आज काय वाटलं, काय झाल्यावर वाटलं. जे हवंसं वाटणं एका रागाबरोबर येऊन जातं ते तुम्हाला ओळखू येईल, आणि जे टिकतं तेही. एवढं करूनही शेवटी 'देऊन टाकावं' असंच वाटलं तर आनंदाने द्या. मग त्याला कुणी हार म्हणणार नाही, आणि तुम्ही स्वतःही म्हणणार नाही.

भावाशी बोलताना बैठक, मोह, मीपणा यातलं काही काढू नका, कायद्याचे कलमही नको. एवढंच म्हणा, "दादा, मला नाही म्हणायचं नाही. पण बाबांचं काय काय आहे ते मला आधी सगळं बघू दे, तोवर थांब. तू रानात जे घातलंयस त्याचाही हिशेब धरू." तो चिडला तर चिडू द्या, त्या दिवशी विषय तिथेच ठेवा.

आणि त्याच्याकडे जायच्या आधी आईकडे जा. सबंध पत्रात त्यांचा उल्लेख एकदाच आलाय, सात-बारावरचं एक नाव म्हणून. हिस्सा त्यांचाही तुमच्याएवढाच आहे. त्यांच्याकडूनही सही मागितली गेली आहे का, आणि त्यांना काय हवंय, हे त्यांना कुणी विचारलंय का?